कुस्त्यांच्या जत्रेत दोरीचा मल्लखांब

पोरीचं कौतुक ऐकायची तयारी नसेल, तर ही पोस्ट इथेच सोडा. यात जत्रा अर्धी आहे आणि माझी मुलगी अर्धी.

ऑफिसमधले त्यागीजी गाझियाबादच्या पुढच्या एका खेड्यातले. दर उन्हाळ्यात तिथे जत्रा भरते, कुस्त्या होतात. जेवणाच्या सुट्टीत इराच्या मल्लखांबाचे व्हिडिओ दाखवून मी त्यांना इतकं पिडलं, की शेवटी तेच म्हणाले, "मैडम, बिटिया को ले आइए. दो कुश्तियों के बीच दस मिनट दिलवा दूँगा."

इरा तेरा वर्षांची, दिल्लीतल्या द्वारकेत वाढलेली. साताऱ्यात लहानपणी मी जे शिकले, ते तिला सोसायटीतल्या कडुलिंबाला दोर बांधून शिकवलं. मी खालून आसनाचं नाव पुकारायचे आणि मग ती ते करायची. नाव ऐकल्याशिवाय ती तोवर कधीच पुढे गेली नव्हती.

"आई यार, तिथे सगळे पहलवान असणार. तू खालून सांगशील ना?"

"बिल्कुल," मी म्हटलं.

रविवारी सकाळी मेट्रो पकडली. द्वारका ते वैशाली दीडेक तास, तिकीट माणशी पन्नास-साठ रुपये. तपासणीला शिपायाने पिशवीतला दोर उचलून विचारलं, "ये किसलिए?" इरा म्हणाली, "चढ़ने के लिए." "मेट्रो पे मत चढ़ना," म्हणत त्याने पिशवी परत दिली. पुढे रिक्षावाल्याने तीनशे मागितले, अडीचशेला आला. जाणार असाल तर टोपी आणि पाणी घरूनच न्या, मैदानात सावली नाही.

बेलाचं सरबत फक्कड होतं, जिलबी त्याहून. पाळणे, बांगड्या, मातीचे माठ सगळं पाहून झालं. बायका गच्च्यांवर बसून कुस्त्या बघत होत्या. आखाड्याशी आम्ही दोघीच.

आखाड्याचे म्हातारे उस्ताद पिंपळाखाली बसले होते. अंगठ्याएवढा आमचा सुती दोर बघून म्हणाले, "हमारे लड़के मोटे रस्से पे चढ़ते हैं. ये तो पाजामे का नाड़ा है." सगळे हसले. माझा पारा चढला, पण त्यागीजींच्या तोंडाकडे बघून गप्प बसले. तरी उस्तादांनी दोर पिंपळाच्या फांदीला बांधवून स्वतः दोनदा ओढून पाहिला आणि खालची माती खणून भुसभुशीत करून घेतली. तेवढ्यावर मी त्यांना माफ केलं.

इराने मारुतीला नमस्कार केला, दोर पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात धरला आणि सरसर वर गेली. मी "अढी" पुकारलं, तिने दोराला पायांची अढी घातली. "पद्मासन" म्हटलं, तेही झालं. आणि नेमका ढोल सुरू झाला. ढोलवाल्याला वाटलं, पोरीला जोश यावा.

मी घसा फोडून ओरडत होते. इरा दहा-बारा फुटांवर थांबून माझ्याकडे बघत होती. तिला काहीच ऐकू येत नव्हतं. आपल्याला मिरवायचं होतं म्हणून आपण हिला इथे टांगलं, असं वाटून मला लाज वाटली. तिला खाली उतरायची खूण करायला मी हात वर केला, तेवढ्यात तिने मान फिरवली. दोर मांडीभोवती घेतला आणि पुढचं आसन केलं. मग त्यापुढचं. शेवटी निद्रासन. दोरावर आडवी होऊन, उशाला हात घेऊन, ती त्या सगळ्या गर्दीच्या वर निवांत झोपली. तिच्या वयात मला ते कधी जमलं नव्हतं.

पहिल्या टाळ्या गच्चीवरच्या बायकांच्या. मग मैदानाच्या. इरा उतरल्यावर उस्तादांनी विचारलं, "किसने सिखाया?"

"मम्मी ने."

उस्ताद उठून उभे राहिले आणि त्यांनी मला हात जोडले. मी रडले, लपवत नाही.

परतीच्या मेट्रोत इरा म्हणाली, "आई, तुझा आवाजच येत नव्हता."

"घाबरलीस?"

"हो ना. पण मग वाटलं, अच्छा, मला तर सगळं येतंय."

घरी आल्यावर जत्रेतलं काय राहिलं म्हणाल, तर हेच. आता सरावाला ती दोरावर असते आणि मी खाली तोंड मिटून उभी असते. तिचं निद्रासन झकास होतं. गप्प उभं राहणं मला मात्र अजून शिकायचंय.