दादाने न नेलेलं प्रमाणपत्र

दादा जाऊन अकरा महिने झाले तरी दुकानाच्या डाव्या बाजूला ताई काहीच ठेवत नसे. ती दादाची बाजू. तिथे बसून तो सोफ्यांना कापड चढवायचा. बारीक खिळे तोंडात धरलेले, त्यामुळे दिवसभर त्याचं बोलणं म्हणजे नुसतं "हं". उजवीकडे ताई वेताच्या खुर्च्या विणायची. आता भरदुपारी वेताची पट्टी ओढताना मागून तोच "हं" तिला स्पष्ट ऐकू यायचा. ती वळायची नाही. वळलं की तो थांबतो, हे तिला कळून चुकलं होतं.

दादा कामावरच गेला, अर्ध्या चढवलेल्या सोफ्यापाशी बसल्या बसल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय. गल्ली म्हणाली, धंद्याची काळजी. ताईच्या मनात गल्लीचंच म्हणणं घर करून बसलं.

एक दिवस वहिनीने विषय काढला. "ताई, कॉलेजात उद्योजकतेचा कोर्स आहे. सहा महिने, दर शनिवारी. शेवटी प्रमाणपत्र देतात. कर्ज मिळायला बरं पडतं म्हणे."

"सेहेचाळिसाव्या वर्षी मी बाकावर बसू? गुडघे तरी मावतील का?"

"गुडघ्यांना मी तेल लावते. तुम्ही दुकानाचं बघा."

ताईने तीन दिवस डोकं खाजवलं. फी म्हणजे डझनभर खुर्च्यांची विणाई. शनिवार म्हणजे गिऱ्हाइकाचा वार. आणि बदल्यात काय, तर एक कागद. पण एक विचार काही केल्या पाठ सोडेना: तिथे जे शिकवतात ते दादाला ठाऊक असतं, तर आज डावी बाजू रिकामी नसती.

ती अर्ज भरायला गेली. कारकून बाईंनी दुकानाचा पत्ता टाइप केला आणि त्यांची बोटं थांबली.

"या पत्त्यावरून आधी एकांनी कोर्स केलाय. दोन वर्षांपूर्वी. प्रमाणपत्र न्यायला आलेच नाहीत. तुमचे कोण?"

ताईने वाकून पडद्यावरचं नाव वाचलं. दादाचंच. दोन वर्षांपूर्वी दादा दर शनिवारी कापड आणायला म्हणून जायचा आणि बहुतेकदा हात हलवत परत यायचा. ती चिडून बोललीही होती त्याला.

बाईंनी कपाटातून प्रमाणपत्र काढलं, सोबत एक फाइल. ताई व्हरांड्यातल्या बाकावर बसली. दादाचं अक्षर, प्रत्येक ओळ उजवीकडे वर चढणारी. त्याने दुकान कागदावर मांडलं होतं. सोफे: फायदा. वेताच्या खुर्च्या: तोटा, सात वर्षं सलग. एका खुर्चीला दोन दिवस जातात आणि एका दिवसाची मजुरीही मिळत नाही. खाली निष्कर्ष: वेतकाम बंद करावे. त्यावर सरांची लाल शाई: "अगदी बरोबर. कधी करणार?" आणि त्याखाली पेन्सिलीने, बारीक अक्षरात: "जमणार नाही."

दादाला सगळं ठाऊक होतं. तोट्याचं कारण रोज त्याच्या पाठीशी पाठ लावून बसत होतं, आणि तो तोंडात खिळे धरून गप्प राहिला होता.

तिने सरांना गाठलं. त्यांना दादा आठवत होता.

"शेवटच्या बाकावर बसायचे. मी म्हणालो, बंद करायचं नसेल तर दर तिप्पट करा. तर म्हणाले, गिऱ्हाईक तुटेल, आणि ती रिकामी बसेल. ती कोण, ते काही बोलले नाहीत."

"मीच ती," ताई म्हणाली.

तिने फी भरली. कर्जाबिर्जाचं मनात नव्हतं; दादाचं गणित चुकलेलं निघावं, एवढीच आशा होती. सहा महिने ती पहिल्या बाकावर बसली, वेळ मोजायला शिकली, वाया जाणारा वेत मोजायला शिकली. गणित चुकलेलं नव्हतं. प्रमाणपत्र मिळालं त्याच आठवड्यात तिने विणाईचे दर तिप्पट केले. दहातली सहा गिऱ्हाइकं तुटली. उरलेल्या चौघांवर दुकान पहिल्यांदा तरलं. वहिनीच्या आग्रहाने ती कर्जासाठी बँकेतही जाऊन आली, पण साहेबांनी प्रमाणपत्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"मग फी वसूल झाली म्हणायची का?" वहिनीने विचारलं.

"वर्षाच्या आत झाली," ताई म्हणाली. हेच दर दादा असताना लावले असते तर, हे दोघींच्याही ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं.

पुढे दाढ दुखू लागली म्हणून ती एका दवाखान्यात गेली. दारातच थबकली. भिंतीलगत आठ वेताच्या खुर्च्या होत्या, तिच्या हातच्या, त्याच तोट्याच्या वर्षांतल्या. एकही पट्टी सैल पडलेली नव्हती. एकीवर कुणी म्हातारे गृहस्थ डुलकी काढत होते, बाकीच्या रिकाम्या होत्या.

"बसा ना, वेळ लागेल," टेबलामागची मुलगी म्हणाली.

"नको. मी उभीच बरी."

तासभर ती गाल हाताने दाबून दाराशी उभी राहिली. मुलीने आणखी दोनदा सांगून पाहिलं, मग नाद सोडला.