भिंतीलगतची पट्टी

पत्रक मी एका बैठकीत लिहिते. शाई वाळायच्या आत छापखान्यात. हे मात्र कितीदा सुरू केलं आणि फाडलं. संघटनेत कुणाला सांगितलेलं नाही, आईला नाही, जिच्यापासून काही लपवत नाही त्या मैत्रिणीलाही नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही ते पत्रक वाचलं असेल म्हणून. ‘मैदान कुणाचं?’ – ते माझंच. तेव्हा गांधीबागेच्या मागच्या गल्ल्यांत भिंतीभिंतीवर चिकटवलेलं होतं. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. फक्त एक गोष्ट त्यात नाही.

आधी मैदान सांगते. विणकरांच्या वस्तीला लागून मोकळी जागा होती. सकाळी तिथे पांजणी चालायची – म्हणजे मागावर चढवण्याआधी ताण्याचं सूत लांबच लांब ताणायचं, खळ लावायची, कुंच्याने विंचरायचं, वाळवायचं. हे घरात होत नाही. पांजणी नाही तर माग नाही, इतकं सोपं आहे ते. मग शहराला बाग हवीशी वाटली. कुंपण आलं, गवत आलं, चौकीदार आला. परवानगीशिवाय सूत ताणायचं नाही. परवानगी मागितली तर मिळायची नाही. ताणलं तर दंड.

वस्तीतल्या श्रावणजींना दंड झाला तेव्हा मी त्यांच्या ओसरीवर होते. त्यांनी पावती बायकोच्या, कौसल्याबाईंच्या हातात दिली आणि म्हणाले, “याइचं गवत आमच्या सुतापेक्षा नाजूक हाय.” सगळे हसले. मी नाही हसले. मला संताप आला होता, आणि खरं सांगू? बरंही वाटलं होतं. कॉलेज नुकतंच संपलं होतं, संघटनेत मी नवी होते, आणि माझ्यासमोर एक धडधडीत अन्याय उभा होता – नाव, गाव, पावतीसकट.

दंडाविरुद्धचं अपील मी लिहिलं. श्रावणजींच्या नावाने. लिहिताना ते एवढंच म्हणाले होते, “ताई, मले पुरी बाग नाही पाह्यजे. तिकडच्या भिंतीजवळ एक पट्टी देली, सकाळची, तरी माहा माग चालते.” मी काय केलं? मी त्यांना हक्क समजावून सांगितला. पट्टी ही मेहेरबानी असते, म्हटलं. ते ऐकत राहिले. मान हलवली. ती मान पटली म्हणून हलली की मी बोलायची थांबावी म्हणून, हे मी तेव्हा पाहिलं नाही.

सुनावणीच्या दिवशी त्यांनी धुतलेली टोपी घातली होती. पालिकेत साहेबाच्या दाराशी आल्यावर म्हणाले, “माह्या तोंडचं तुम्हीच बोला. साहेबापुढं माही जीभ वळत नाही.” आणि बाहेरच्या बाकावर बसले. मी एकटी आत गेले.

इथे माझा हात थांबतो. नेहमी इथेच थांबतो.

साहेब वाईट माणूस असता तर सोपं झालं असतं. मी तयारी करून गेले होते त्याच्या उद्धटपणाची. तो थकलेला होता. माझं सगळं ऐकून घेतलं, मग आवाज खाली आणून म्हणाला – बाई, नियम मला बदलता येत नाही, आणि अपील चालू असेपर्यंत काही करताही येत नाही. ते मागे घ्या. भिंतीलगतची पट्टी सकाळपुरती त्यांना वापरू देतो, चौकीदाराला मी सांगतो. दंडाचंही बघतो.

भिंतीलगतची पट्टी. त्याचेच शब्द. श्रावणजींचेच शब्द.

मला काय वाटलं, ते लिहिते. मला वाटलं, हा मला विकत घेतोय. मला वाटलं, पट्टी घेतली की ठरलेला मोर्चा संपला, पत्रक संपलं, सगळं एका माणसाच्या सकाळच्या सोयीवर येऊन संपलं. मी म्हणाले, आम्हाला भीक नको. ‘आम्हाला’ म्हणाले. त्या खोलीत आम्ही कोण होतो? मी एकटीच तर होते. दाराबाहेर हाकेच्या अंतरावर तो माणूस बसला होता ज्याची ती पट्टी होती, ज्याचा तो माग होता. एकदा दार उघडून विचारायचं होतं. मी नाही विचारलं.

बाहेर आले. श्रावणजी उठून उभे राहिले.

“काय म्हणे साहेब?”

“नाही म्हणाला.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही,” मी म्हणाले.

त्यांनी टोपी काढली, घडी घातली, खिशात ठेवली. वाटेत मलाच चहा पाजला.

अपील फेटाळलं गेलं. मोर्चा निघाला, मोठा निघाला. मी बोलले, टाळ्या पडल्या, संघटनेत लोक मला नावानिशी ओळखू लागले. बागेत गवत वाढत राहिलं. श्रावणजींनी काही दिवस गल्लीतच सूत ताणून पाहिलं. कधी सायकल घुसायची, कधी ढोर. तुटलेले धागे जोडत बसलेले दिसायचे, आणि मला पाहून सरकून जागा करायचे – “या ताई, बसा.” मी बसायचे. त्यांच्यासमोर बसून मी पुढच्या सभेचं बोलायचे.

मग त्यांनी माग उतरवला. कौसल्याबाईंचा भाऊ उमरेडला कोळशाच्या खाणीत होता, तिकडे निघाले. मी स्टँडवर गेले पोचवायला. श्रावणजी बसच्या टपावर बोचकी चढवत होते. कौसल्याबाईंनी माझ्या हातात एक लुगडं दिलं. मागावरचं शेवटचं. म्हणाल्या, “ठेवा वं बाई. आमच्याकडून बोलणारं कोणीच नव्हतं, तुम्हीच होत्या.” मग जवळ आल्या, हळूच विचारलं, “साहेब कायतरी बोलला असन ना वं? एवढा टाइम तुम्ही आत होत्या.”

त्यांना कळलं होतं का? की सहज विचारलं? मला अजून ठरवता येत नाही. पण ती वेळ माझ्या हातात होती. बस उभी होती, श्रावणजी वर होते, साहेबाची बदली झालेली नव्हती. मी तेव्हा सांगितलं असतं तर बोचकी खाली आली असती. कदाचित. साहेबाने शब्द पाळला असता का, मला ठाऊक नाही. पण ते पारखून पाहायचं काम श्रावणजींचं होतं.

मी म्हणाले, “काहीच नाही, बाई.”

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि बसमध्ये चढल्या.

लुगडं मी नेसले नाही. घडी मोडली नाही, पण त्याला खळीचा आंबूस वास आहे आणि तो पेटीतल्या सगळ्या कपड्यांना लागला आहे. सभेला जाते तेव्हा माझ्या अंगाला येतो. बागेवरून अजूनही जाते. त्या भिंतीलगत कुणी बसत नाही, मुलं खेळत नाहीत, माळीसुद्धा तिथलं गवत कापत नाही. सकाळी तिथे चांगलं ऊन येतं.