अठरा कळ्या

"घाई मफी, काका," असं म्हणत तो आचारी डंपलिंगची बांबूची करंडी माझ्यापासून वीतभर लांब सरकवायचा. मफी म्हणजे नाही. इतकी वर्षं बहारीनला काढल्यावर त्याच्या गुहागरी बोलण्यात हा अरबी शब्द आमसुलासारखा मुरला होता.

आम्ही लेकीकडे सनाबिसला राहायला गेलो होतो. अदलियातल्या त्या छोट्या चिनी हॉटेलात पहिल्याच दिवशी मी अख्खं डंपलिंग तोंडात टाकलं. आत उकळता रस्सा असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे त्यानं दोनदा सांगितलं होतं. जीभ पोळली, उरलेला रस्सा जावयानं दिलेल्या नव्या शर्टावर. श्रावणात चिकन खाल्ल्याची शिक्षा, असं बायकोचं मत पडलं. श्रावण समुद्र ओलांडत नाही, असं माझं होतं. पण मांडायला जीभ शिल्लक नव्हती.

काचेपलीकडे उभा राहून तो डंपलिंगं वळायचा. ते बघताना बायकोची कोबीची करंडी निवून गेली.

"अहो, हा तर मोदक वळतोय."

"घरी मीच वळतो, काकी. बायकोचे फुटतात," तो म्हणाला. "तिला सांगू नका."

पण तीन गणपती त्याच्याशिवाय झाले होते. या वर्षी चिनी मालकीणबाईंनी अट घातली होती: जागेवर वळणारं माणूस तयार कर, मग रजा. अठरा कळ्या, एकही कमी नको. तयार करायची होती तिथलीच एक फिलिपिनो वेट्रेस, आणि तिची डंपलिंगं वाफेत तोंड उघडत होती. चतुर्थीला नऊ दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी बायको हात धुऊन थेट काचेपलीकडे गेली. तिचं इंग्रजी 'नो' आणि 'थँक्यू' एवढंच. तेवढ्यावर तिनं त्या बाईचा अंगठा धरला आणि मराठीत शिकवायला सुरुवात केली. "अंगठा आत ठेव. पारी फिरव गं, बोटं नको."

सराव कोबीवर चालला होता. फुटलेली टाकायची कशी, म्हणून मी पुढे झालो. चार दिवस दुपारी फुटकी कोबी खाल्ली. अशा रीतीनं माझा श्रावण पाळला गेला.

पाचव्या दिवशी मालकीणबाईंनी चष्मा लावून कळ्या मोजल्या. मग चिनी भाषेत बरंच काही बोलल्या. आम्हाला वाटलं, झापतायत.

"खलास, काका," तो म्हणाला. "जा म्हणाल्या." आणि त्यानं मला मिठी मारली. त्याच शर्टाच्या पाठीवर पिठाचे दोन पंजे उमटले. लेक म्हणाली, "पप्पा, धिस शर्ट इज डन."

चतुर्थीला संध्याकाळी आम्ही पुन्हा गेलो. मीही मुकाट्यानं कोबीच सांगितली. काचेपलीकडे त्याच्या जागी ती फिलिपिनो बाई होती. करंडी तिनं स्वतःच आणली. झाकण उघडलं तर मधोमध एक डंपलिंग वेगळं, वर टोक काढलेलं, चक्क मोदक. बायकोनं पदर सारखा केला.

मी हात पुढे केला. त्या बाईनं करंडी वीतभर लांब सरकवली.

"घाई मफी, काका."