नांदेडच्या दवाखान्यात अंगावरच्या दुधाचे मार्क

नात सीमा नांदेडला बाळंत झाली. तिसऱ्या दिवशी नातजावयाचा फोन आला, "आज्जी, बाळाचं वजन उतरून राहिलंय." मी हळिवाच्या लाडवांचा डबा उचलला आणि निघाले. (मी बोलते, सून लिहिते. चुका तिच्या.)

मुरुडहून लातूर, तिथून नांदेडची एसटी. म्हाताऱ्यांना अर्धं तिकीट. कंडक्टरनं वयाचा पुरावा मागितला, मी उरलेले दात दाखवले. लातुरात क्लासच्या पाट्यांवर पहिल्या आलेल्या पोरांचे एवढे फोटो की देवांना जागा नाही. सीमानं तिथंच अभ्यास घासलेला. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात जन्मलेली पोरगी, पण एक मार्क गेला तरी जेवायची नाही. जाणार असाल तर अहमदपूरला भजी गरम असतील तरच घ्या, आणि लोह्यापुढं रस्ता उखडलाय, मागच्या सीटवर बसू नका.

दवाखान्यात सिस्टर खाटेखाटेशी प्रश्न विचारत होती. मराठी, उर्दू, तेलुगू. जिची जी भाषा. बाळाचं पोट माझ्या दुधावर भरतं, याची किती खात्री? एक म्हणजे मुळीच नाही, पाच म्हणजे पक्की. खात्री कमी असेल तिच्यापाशी सिस्टर आधी बसणार.

"पाच," सीमा म्हणाली. पुढच्या प्रश्नालाही पाच. मांडीवर पोरगं किंचाळत होतं.

शेजारच्या खाटेवर देगलूर नाक्याची शबाना. तिचं बाळ पिऊन टम्म झोपलेलं, ओठाच्या कडेला दूध. ती म्हणाली, "एक."

"अगं, हे तर भरल्या घागरीसारखं दिसतंय!"

"नक्को बोलो नानी, नजर लगती." तिनं बाळाचं तोंड ओढणीनं झाकलं. आमच्यातही दूध लई हाय असं कुणी तोंडानं म्हणत नाही.

झालं, सिस्टर शबानाकडं बसली. सीमाकडं कोणी नाही.

"काय गं, पेपर लई सोपा गेला का?" मी विचारलं.

"आज्जी, गप."

"पोरगं मात्र उपाशी बसलंय निकालाला."

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "कमी सांगितलं तर सगळ्यांना कळंल ना, मला येत न्हाई."

"त्यासाठीच तर इचारून राहिली ती."

सीमानं नाक पुसलं. "सिस्टर, माझे पाच खोडा. एक लिहा."

सिस्टर आली, रागावली नाही. "तुम्ही लातूरच्या ना?" म्हणाली आणि हसली. बाळ आईच्या पोटाशी पोट लावून वळवलं, तोंड मोठं उघडल्यावरच छातीला लावलं. पहिल्यांदा गटागट गिळल्याचा आवाज आला. मग ती शबानाकडं वळली आणि प्रश्नच बदलला, "दूध से कपडे भिगते क्या?"

"भिगते ना, पूरा पलंग!"

बाळाच्या वजनाचा काटा वर सरकू लागल्यावर मी मुरुडला परतले. कंबर आठवडाभर धरली होती. नांदेडचं फारसं काही पाहिलं नाही, गोदावरीही पुलावरूनच पाहिली. काल सीमाचा फोन आला. तपासणीला गेली तेव्हा सिस्टरनं तोच प्रश्न पुन्हा विचारला म्हणे.

"किती सांगितलंस?"

"तीन. कधी नीट घेतो, कधी न्हाई घेत."

एवढे कमी मार्क सांगताना ती जन्मात पहिल्यांदा हसत होती.