दुसरी डॉक्टर बोलवा

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी आखातात, सालमियातल्या एका खासगी इस्पितळात बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होते. आमच्या तीन डॉक्टरांपैकी सर्वांत अनुभवी होती ती सुदानची. रंगाने काळीकुळकुळीत, आवाजाने शांत.

एका दुपारी जवळच्याच सलवाहून एक मराठी बाई आली. आठवा महिना, रक्तस्राव सुरू. सोबत नवरा आणि पुण्याहून बाळंतपणासाठी आलेली सासू. डॉक्टर तपासायला पुढे झाली, तशी सासूने माझा दंड धरला. "सिस्टर, तुम्ही आपल्यातल्या ना? ही काळी नको. दुसरी डॉक्टर बोलवा."

"बाकीच्या दोघी ऑपरेशनमध्ये आहेत. थांबायला वेळ नाही, काकू."

"मग थांबू थोडं."

नवरा जमिनीकडे बघत उभा. डॉक्टरने मला विचारलं, "काय म्हणतायत?" मी ग्लोव्ह्ज पुढे केले. ती म्हणाली, "राहू दे. कळलं."

तेवढ्यात खाटेवरून बाई ओरडली, "आई, तुम्ही बाहेर जा! डॉक्टर, प्लीज, बघा मला."

तातडीने सिझेरियन झालं. वार सुटत आली होती. आणखी उशीर झाला असता तर दोघी हाती लागल्या नसत्या. मुलगी रडली, तेव्हा मास्कच्या वर डॉक्टरचे डोळे हसलेले मी पाहिले.

दुसऱ्या दिवशी सासूने बर्फीचा खोका आणला आणि दिला आमच्या गोऱ्या लेबनीज डॉक्टरला, जिने या बाईला हातही लावला नव्हता. तिनेही तो घेतला. हसून! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"काकू, सून वाचवली ती त्या डॉक्टरने."

"अगं, त्याचाच पगार घेते ना ती?"

"मग ह्या काय फुकट राबतात?" मी म्हणाले. सगळा वॉर्ड ऐकत होता.

संध्याकाळी इस्पितळाच्या मोठ्या साहेबांनी मला बोलावून तंबी दिली: पेशंटच्या माणसांशी वाद घालायचा नाही. आणि त्याच आठवड्यात सुदानच्या डॉक्टरची ओपीडी काढून घेतली. "लोकांना सवय नाही हो," म्हणे. ऑपरेशनं मात्र तिनेच करायची. बेशुद्ध बाईला रंग दिसत नाही ना!

करार संपल्यावर ती निघून गेली. इस्पितळाने निरोपाचा साधा चहासुद्धा केला नाही. आम्ही नर्सनीच पैसे काढून तिला जेवू घातलं. तिथे मी तिला विचारलं, "तुम्ही भांडला का नाहीत?"

"भांडले," ती म्हणाली. "पहिल्या तीन इस्पितळांत."