चंद्राचा शब्द

बेर्मेखो नदीकाठच्या त्या वस्तीत आपली भाषा बोलणारी दोनच माणसं उरली होती: कासिमिरा आणि तिचा धाकटा भाऊ एवारिस्तो. रोज सकाळी भोपळ्याच्या एकाच पेल्यातून माते नावाचा कडू पाल्याचा चहा ओढत दोघं यथेच्छ भांडायची. भांडणासाठी तरी भाषा शाबूत होती. पण पाणी, विस्तव, चंद्र हे शब्द आले की दोघंही शेजारच्या तोबा लोकांचे शब्द वापरत.

त्यांच्यात माणसांना पाणी, विस्तव, चंद्र अशीच नावं द्यायची रीत होती, आणि माणूस गेला की त्याचं नाव त्याच्यासोबत पुरायचं, पुन्हा तोंडातून काढायचं नाही. कासिमिराची आई गेली, पाण्याचा शब्द गेला. तिची लेक ऊसतोडीवर गोवराने गेली, विस्तवाचा गेला. एवारिस्तोचा पोर नदीत बुडाला आणि चंद्राचा शब्द बुडाला. हाक ऐकली की मेलेला अर्ध्या वाटेवरून माघारी फिरतो, मग बिचारा ना इकडचा ना तिकडचा. पूर्वी म्हाताऱ्या बाया नवा शब्द घडवून देत. त्या बायाच संपल्या.

भाषांच्या नोंदी करायला ब्वेनोस आयरेसहून आलेल्या ओतिलियाबाईंना यातलं काय ठाऊक! आवाज टिपणारं यंत्र बंद करता करता त्या म्हणाल्या, "आजी, राग मानू नका. तुमची भाषा वेगळी दिसत नाही. तोबांचीच एक फांदी म्हणून लिहीन."

"फांदी?" कासिमिरा उसळली. "अगं, आमची आई त्यांच्याशी हातवारे करून बोलायची! आमचे शब्द मेलेल्यांपाशी आहेत."

"मग एकदाच म्हणा. मी यंत्र चालू करते."

"ताई, गप बस," एवारिस्तो म्हणाला. "लिहू दे तिला. तिच्या लिहिण्याने आपल्या तोंडाला कुलूप लागतंय का?"

"उद्या आपण मेलो की आपण नव्हतोच म्हणतील, मुडद्या!"

तिने पाण्याचा शब्द म्हटला. मग विस्तवाचा. लेकीचं नाव इतक्या वर्षांनी ओठांवर आलं आणि ती ढसाढसा रडली.

"आणि चंद्र?" बाईंनी हळूच विचारलं.

"ताई, नको," एवारिस्तो आपल्या भाषेत म्हणाला. "तुझी मेलेली तुझी. तो माझा आहे."

पण बांध फुटला होता. ती बोलून गेली.

एवारिस्तोने भोपळ्यातला मातेचा चोथा तिच्या दारात ओतला आणि तो तोबांच्या वस्तीत राहायला गेला. पुढे वाटेत दिसला तरी तो तोंड फिरवायचा. तिने भाषा वाचवली आणि बोलायचं माणूस घालवलं.

पुढच्या हिवाळ्यात ओतिलियाबाई हरखून आल्या. "आजी, जिंकलात! तुमची भाषा स्वतंत्र आहे. जगातल्या कुठल्याच भाषेशी तिचं नातं नाही."

कासिमिराला आनंद झाला नाही. "त्या यंत्रात एवारिस्तो आहे का?" तिने विचारलं.

बाईंनी फीत लावली. खरखर झाली आणि एवारिस्तो म्हणाला, "ताई, नको. तुझी मेलेली तुझी. तो माझा आहे."

"बरं, नाही म्हणत," कासिमिरा घाईघाईने आपल्या भाषेत म्हणाली.

फीत फिरत राहिली. यंत्राने तिच्याच आवाजात तो शब्द म्हटला.