रेशमाचा नाकपट्टा

घोडेमास्तर घोड्याच्या तोंडाकडे पाहायला लागले की त्यांचं स्वतःचं तोंड हलायला लागायचं. घोडी लगाम चावत असली तर हेही चावत, तिने जबडा वाकडा केला तर यांचाही वाकडा. गावातले लोक लांबून बघून हसत. मी नवीन होते तेव्हा मलाही हसू आलं, आणि ते त्यांनी बरोबर टिपलं. "हासा बाई, हासा," ते म्हणाले, "पन तिले कुठी दुखते हे तुमच्या पुस्तकाच्या आधी माह्या जबड्याले समजते."

मी तेव्हा मुलचेऱ्याकडे जनावरांची डॉक्टर म्हणून नुकती रुजू झाले होते. सगळा भाग बैल, शेळ्या आणि कोंबड्यांचा. घोडं म्हणावं तर मास्तरांची एकटी रेशमा, तांबडी, कपाळावर पांढरा टिपका असलेली. मास्तरांनी तरुणपणी नागपूरला घोडेस्वारी शिकवणाऱ्या एका तबेल्यात मोतद्दाराचं, म्हणजे घोड्यांची निगा राखायचं काम केलं होतं. म्हातारपणी गावी परतले आणि लग्नाच्या वरातीला घोडी देऊ लागले. त्यांनी कुठल्याही शाळेत कधी शिकवलं नव्हतं. पण बैल कसा बांधावा, चप्पल कशी घालावी, मी सुई कुठून टोचावी, असं सगळं ते सगळ्यांना सांगत, म्हणून मास्तर.

त्यांच्या पडवीत तीन खिळे होते आणि त्यांवर तीन नाकपट्टे. नाकपट्टा म्हणजे घोड्याच्या नाकावरून जबड्याखाली बांधायचा चामड्याचा पट्टा. काही घोडी तोंड उघडून, जीभ वर घेऊन किंवा मान झटकून लगामाची तोंडातली लोखंडी कडी चुकवतात, तेव्हा तो कामाला येतो. पहिला साधा, रुंद, गालाच्या हाडाखाली बसणारा. दुसरा खालचा, सतत तोंड उघडणाऱ्या घोड्यासाठी. तो नाकपुडीपासून चार बोटं वर ठेवावा लागतो, नाहीतर जनावराचा श्वास कोंडतो. तिसरा फुलीचा, नाकावर फुली मारून बांधायचा, जबडा तिरपा करणाऱ्यासाठी. कुठलाही असो, पट्टा आणि नाकाचं हाड यांच्यामध्ये दोन बोटं गेली पाहिजेत, हा मास्तरांचा कायदा. माझी बोटं बारीक म्हणून मला तीन घालायला लावत.

पट्टा आवळून बांधा असं कोणी म्हणालं की मास्तर तोच पट्टा आधी म्हणणाऱ्याच्या तोंडाला बांधत. हे मी ऐकून होते, तरी एकदा माझ्या तोंडून निघून गेलंच. त्यांनी शांतपणे साधा पट्टा काढला, धुतला, माझ्या नाकावरून हनुवटीखाली घेतला आणि आवळला. मग पाण्याचा गडवा पुढे केला. "प्या आता पानी." मला पिता येईना, बोलता येईना, आणि समोर मास्तरांची नात प्रज्ञा हसून हसून भिंतीला टेकली. मास्तर मात्र हसले नाहीत. "तोंड उघडून ते कायी सांगून राह्यली राह्यते, बाई. तुमी तोंडच बांधान तं आयकान कुठून?"

ही प्रज्ञा गडचिरोलीला नर्स होती. लहानपणी ती मास्तरांपुढे बसून घोडीवर फिरायची, आणि तेव्हाच त्यांनी तिला शब्द दिला होता की तुझ्या लग्नात तू पायी जाणार नाहीस. नवरदेव जसा येतो तशी तू घरापासून विहारापर्यंत घोडीवर बसून जाशील. आता लग्न ठरलं होतं, महिनाभरावर आलं होतं, आणि नेमकी तेव्हाच रेशमा बिघडली.

जवळच्या एका बंगाली निर्वासितांच्या गावातल्या वरातीत तिने मान अशी उडवली की नवरदेव मुकुटासकट तिच्या मानेला लटकला. पुढच्या लग्नात तिने कडी जिभेखाली घालवली आणि सरळ धानाच्या बांधीत उतरली. मास्तरांचा मुलगा, म्हणजे प्रज्ञाचे वडील, शांत माणूस. पण त्या दिवशी त्यांनी अंगणात सगळ्यांसमोर सांगितलं, "बाबा, माही पोरगी ह्या घोडीवर नाई बसनार. अजून एकडाव असं झालं तं मी घोडी इकून टाकतो." मास्तर संध्याकाळभर रेशमाच्या समोर बसून राहिले, आणि त्यांचा जबडा तिच्यासोबत हलत राहिला.

बऱ्याच विचाराने त्यांनी फुलीचा पट्टा निवडला. आठवडाभर तो बांधून रेशमाला रस्त्यावर फिरवलं. ती सुधारली नाही, उलट लगाम दिसला तरी मान वर घेऊ लागली. मी एकदा येता-जाता थांबले आणि सहज पट्ट्याखाली बोट घालून पाहिलं. एकच गेलं, तेही कसंबसं. मास्तरांनी स्वतःचा कायदा मोडला होता. मी त्यांच्याकडे पाहिलं तर ते रस्त्याकडे पाहू लागले. "दिवस थोडे हायेत, बाई," एवढंच म्हणाले.

मी म्हटलं, "मास्तर, तोंड पाहू द्या तिचं."

"माह्या घोडीचं तोंड मले पाठ हाये."

"शेवटचं कधी पाहिलंत?"

त्यांना राग आला. दोन दिवस त्यांनी मला चहा विचारला नाही, आणि त्या घरात हे मोठंच झालं. तिसऱ्या दिवशी स्वतः दवाखान्यात आले, टोपी हातात घेऊन. "चला," म्हणाले. मी वाटेत काही बोलले नाही. बोलले असते तर ते परत फिरले असते.

रेशमाला थोडी भूल दिली, जबडा उघडा ठेवायचं अवजार लावलं आणि बॅटरी मारली. वरच्या दाढांना बाहेरच्या बाजूने धारदार कडा आल्या होत्या. घोड्यांना त्या येतातच, वर्ष-दोन वर्षांनी कानशीने घासाव्या लागतात. आवळलेल्या पट्ट्याने गाल आतून त्या कडांवर दाबला जात होता, आणि दोन्ही गालांत लांब, लाल जखमा होत्या. एक तर चांगलीच खोल. मास्तरांना डोळ्यांनी धड दिसेना, म्हणून त्यांनी बोट आत घातलं. दाढेवरून फिरवलं, मग जखमेपाशी नेलं आणि तिथेच थांबले.

जगभराच्या लोकांची तोंडं बांधून त्यांना शहाणं करणारा हा माणूस. आपल्याच घोडीच्या तोंडात पाहायचं राहून गेलं, कारण तिच्याबद्दल आपल्याला सगळं ठाऊक आहे अशी त्यांची खात्री होती. मी नजर दुसरीकडे वळवली. माझ्यादेखत त्यांना रडायला आवडलं नसतं. मग त्यांचा आवाज आला, आणि तो माझ्यासाठी नव्हता. "सांगून तं राह्यली होतीस, माय. मीच नाई आयकलो."

मी दाढा घासल्या, औषध दिलं. जखमा भरेपर्यंत तोंडात कडी घालायची नाही हे ओघाने आलं. लग्न नऊ दिवसांवर होतं. मुलगा म्हणाला, "झालं मंग. आता बिना लगामाची थोडीच न्याची हाये." मास्तरांनी पहिल्या खिळ्यावरचा साधा पट्टा काढला. त्याला दोन्ही बाजूंना रिंगा शिवल्या आणि लगामाची वादी त्या रिंगांना जोडली. तोंडात काही नाही, जे काही सांगायचं ते नाकावरून. दोन बोटांची जागा त्यांनी माझ्याकडून तपासून घेतली. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ रेशमाला घेऊन ते मुलचेऱ्याच्या रस्त्यावर चालले. एसटी आली की बाजूला उभं राहायचं, ट्रॅक्टर आला की उभं राहायचं. दोघांनाही दम लागायचा.

शेवटच्या दिवशी मुलगा आपणहून रेशमावर बसला, चौकापर्यंत जाऊन आला आणि खाली उतरून म्हणाला, "बसू द्या तिले."

लग्नाच्या दिवशी मास्तरांनी डीजेवाल्याला मागे राहायला सांगितलं, आणि त्याने मास्तरांचा चेहरा पाहून ऐकलं. प्रज्ञा पांढऱ्या साडीत रेशमावर बसली. मास्तर पायी, घोडीच्या डोक्याशी, डाव्या हाताची दोन बोटं पट्ट्याखाली घालून. चौकात फटाके फुटले तेव्हा रेशमाने मान वर घेतली. मुलगा पुढे धावला. मास्तरांनी पट्टा ओढला नाही, तिच्या मानेसोबत हात वर जाऊ दिला आणि उभे राहिले. तीही उभी राहिली. मग तिने मान हळूहळू खाली आणली, आणि त्यांचा हातही तिच्यासोबत खाली आला. वरून प्रज्ञाने विचारलं, "आबाजी, चालाचं?" ते म्हणाले, "तिले इचार." रेशमा चालू लागली, आणि विहाराच्या दारापर्यंत पुन्हा थांबली नाही.

त्या दुपारी जेवणाच्या पंगतीत त्यांनी मला शोधून काढलं. अख्खं गाव त्यांचं कौतुक करत होतं आणि त्यांना एकच गोष्ट विचारायची होती. "भरंन ना बाई ते?" मी म्हटलं भरेल, पंधरा दिवसांनी येऊन बघते. त्यानंतर रोज एक फोन. आज गवत नीट खाल्लं. आज डाव्या बाजूने चावलं. आपण बोट घालून पाहिलं तर खरबरीत लागतं, तर ते चांगलं की वाईट. मी कामात असले की चिडायची, तेव्हा म्हणत, "बरं बरं, उद्या करतो."

तेराव्या दिवशी दुपारी जेवून ते आडवे झाले आणि उठले नाहीत.

आता मी कोरपन्याकडे असते. इथे कापसाची शेतं आहेत, सिमेंटचे ट्रक आहेत, घोडं कुठेच नाही. माझ्या कामात चुका काढणारंही कोणी नाही, सगळे मॅडम मॅडम करतात. मला मास्तरांची फार आठवण येते. कोणीतरी माझं तोंड बांधून पाण्याचा गडवा पुढे करावा असं वाटतं, आणि कोणी करत नाही.

पंधराव्या दिवशी मी ठरल्याप्रमाणे त्यांच्या घरी गेले होते. अंगणात सांत्वनाला येणाऱ्यांसाठी खुर्च्या मांडलेल्या होत्या. प्रज्ञाने रेशमाला धरलं, मी तिचं तोंड उघडून बॅटरी मारली, मग दोन्ही गालांवरून आतून बोट फिरवलं. जखमा पूर्ण भरल्या होत्या. कातडी इतकी मऊ झाली होती की त्या कुठे होत्या हे शोधावं लागलं.

"काय म्हनते?" प्रज्ञाने विचारलं. मी सांगितलं, आणि मास्तरांना सांगायला म्हणून आम्ही दोघींनीही पडवीकडे वळून पाहिलं.